फॉरमॅट करूनही पेनड्राइव्हमध्ये शॉर्टकट परत येतात? आजार पेनड्राइव्हला नाही, कॉम्प्युटरला आहे

मार्चअखेर जवळ आली की हा फोन ठरलेला. "दादा, पेनड्राइव्हमधलं सगळं गेलं हो! प्रत्येक फोल्डरचा शॉर्टकट झालाय." आणि पाठोपाठ, "मागच्या महिन्यातच फॉरमॅट मारला होता, तरी परत आलंच." मी तालुक्याच्या गावी राहतो आणि पतसंस्था, शाळा, सीएचं ऑफिस अशा लहान ठिकाणचे कॉम्प्युटर सांभाळतो. इतक्या वर्षांत प्रिंटर बदलले, विंडोज बदलल्या, माणसं बदलली, पण ही तक्रार काही हटली नाही. कारण सगळे जण पेनड्राइव्हवर उपचार करत बसतात आणि 'शॉर्टकट व्हायरस'ने आजारी असलेला कॉम्प्युटर तसाच चालू राहतो.

तेव्हा सगळ्यात आधी हे वाचा: पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका. तुमच्या फायली बहुतेक वेळा जागच्या जागीच असतात. खात्री करायची असेल तर 'धिस पीसी'मध्ये पेनड्राइव्हच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. समोर दिसणारे शॉर्टकट एक-दोन केबीचे आणि वापरलेली जागा मात्र तीन जीबी, असं दिसलं तर ते तीन जीबी म्हणजे तुमचेच फोल्डर आहेत. रिकव्हरी सॉफ्टवेअर विकत घ्यायचीही गरज नाही.

एका शाळेत लिपिक मॅडमनी घाबरून फॉरमॅट मारला. अंतर्गत गुणांच्या याद्या त्यात होत्या आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. व्हायरसने एकही फाइल पुसली नव्हती, पुसल्या त्या फॉरमॅटने. शिक्षकांना पुन्हा बसून सगळं टाइप करावं लागलं. मॅडमचा यात काही दोष नव्हता. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि म्हणूनच मी हे इतक्या सविस्तर लिहितोय.

नेमकं होतं काय

विंडोजमध्ये प्रत्येक फाइलला आणि फोल्डरला काही खुणा लावता येतात. 'हिडन' ही एक, 'सिस्टीम' ही दुसरी. हा व्हायरस तुमच्या खऱ्या फोल्डरला दोन्ही खुणा लावून तो नजरेआड करतो आणि त्याच्या जागी त्याच नावाचा, फोल्डरसारख्याच चिन्हाचा शॉर्टकट ठेवतो. तुम्ही डबल क्लिक केलं की तो शॉर्टकट दोन कामं करतो. आधी पेनड्राइव्हमध्येच लपवलेली स्क्रिप्ट, म्हणजे व्हायरसचा छोटासा प्रोग्राम, चालवतो आणि मग तुमचा खरा फोल्डर उघडून देतो. खरी फसगत या दुसऱ्या कामात आहे. फोल्डर उघडला, फाइल मिळाली, प्रिंट निघाली, मग संशय कुणाला येणार? तेवढ्या वेळात स्क्रिप्टची एक प्रत कॉम्प्युटरच्या 'अ‍ॅपडेटा' किंवा 'टेम्प' फोल्डरमध्ये जाऊन बसलेली असते, आणि विंडोज सुरू होताना ती आपोआप चालावी अशी नोंदही झालेली असते. यानंतर त्या कॉम्प्युटरला जो जो पेनड्राइव्ह लागेल त्याची हीच गत होते. तुम्ही नुकताच फॉरमॅट केलेला सुद्धा.

शॉर्टकटचाच मार्ग का, याला इतिहास आहे. विंडोज एक्सपीच्या काळात पेनड्राइव्ह लावला की त्यातली ऑटोरनची फाइल विंडोज आपणहून चालवायची. २००८च्या अखेरीस आलेला कॉनफिकर नावाचा व्हायरस या वाटेनेही पसरला. पुढे विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हसाठी ही सोय बंद केली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी व व्हिस्तालाही तसं अपडेट दिलं. कॉम्प्युटर आपोआप फाइल चालवेना, तेव्हा ती माणसाच्या हातून चालवून घेणाऱ्या युक्त्यांचं महत्त्व वाढलं. आपल्याच फोल्डरच्या नावावर तर माणूस हमखास क्लिक करतो.

ओळखायचं कसं? 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'ची खूण चालू केली तरी शॉर्टकटचं एक्स्टेन्शन विंडोज दाखवत नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका. 'डिटेल्स' दृश्य लावा आणि 'टाइप'चा रकाना बघा. तिथे 'फाइल फोल्डर'च्या जागी 'शॉर्टकट' लिहिलेलं असतं, आणि चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो. त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधलं 'टार्गेट' वाचा. तिथे सीएमडी किंवा डब्ल्यूस्क्रिप्ट (आज्ञा आणि स्क्रिप्ट चालवणारे विंडोजचे प्रोग्राम) ही नावं असली की निदान झालं.

"फोल्डर तर उघडतोय ना, मग राहू दे की," असंही मला ऐकावं लागतं. कृपा करून राहू देऊ नका. २०१३च्या सुमारास पसरलेला हूडिनी नावाचा याच जातीचा स्क्रिप्ट-व्हायरस बाहेरच्या माणसाचे हुकूम घेऊन तुमच्या कॉम्प्युटरवर कामं करायचा. गॅमारू ऊर्फ अँड्रोमेडा दुसरे व्हायरस आणून सोडायचा. अनेक देशांच्या तपास यंत्रणांनी मिळून नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याचं जाळं मोडलं. रास्पबेरी रॉबिन सप्टेंबर २०२१ मध्ये प्रथम दिसला, तोही पेनड्राइव्हमधल्या शॉर्टकटवरूनच आत येतो, आणि त्याने उघडलेल्या दारातून पुढे क्लॉप हे रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, आल्याचं मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये जाहीर केलं. म्हणजे आज शॉर्टकट आणि उद्या सगळ्या फायलींना कुलूप, इतकं हे प्रकरण पुढे जाऊ शकतं.

"आमचा हिशोबाचा कॉम्प्युटर नेटला जोडलेलाच नाही," हे उत्तरही पुरेसं नाही. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा व्हायरस पेनड्राइव्हवरूनच पसरत होता, आणि त्यातल्या शॉर्टकटचं नुसतं चिन्ह पडद्यावर आलं तरी तो चालायचा. ती फट मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१० मध्ये बुजवली. नेट नसलेल्या कॉम्प्युटरला अपडेट मिळत नाहीत, पेनड्राइव्ह मात्र रोज लागतात. उलट त्याचीच जास्त काळजी घ्यायला हवी.

आजारी कॉम्प्युटर शोधायचा कसा

ऑफिसात पाच कॉम्प्युटर असतील तर पाचही आजारी असतील असं नाही, पण एखादा नक्की असतो. तो शोधायची माझी पद्धत साधी आहे. एक जुना पेनड्राइव्ह पूर्ण रिकामा करा. त्यात 'एक' आणि 'दोन' नावाचे फोल्डर करून प्रत्येकात एखादी साधी टेक्स्ट फाइल टाका. कामाचं काहीही त्यात ठेवू नका. आता तो पहिल्या कॉम्प्युटरला लावा, पाच मिनिटं तसाच राहू द्या, काहीही उघडू नका, आणि काढा.

तपासायला दुसरा कॉम्प्युटर नको, तुमचा अँड्रॉइड फोन घ्या. फोनला पेनड्राइव्ह जोडायचं ओटीजीचं छोटं कनेक्टर बाजारात स्वस्तात मिळतं. विंडोजचा शॉर्टकट फोनवर चालत नाही, आणि विंडोजने लावलेली 'हिडन'ची खूण फोन मानत नाही. त्यामुळे फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये खरा फोल्डर आणि खोटा शॉर्टकट शेजारी शेजारी उघडे दिसतात. शॉर्टकटच्या नावामागे 'डॉट एलएनके' हे शेपूटही दिसतं. अनोळखी स्क्रिप्टची फाइल असेल तर तीही दिसते. 'सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' नावाचा विंडोजचा स्वतःचा फोल्डर सोडून दोनच फोल्डर दिसले तर तो कॉम्प्युटर तूर्त सुटला, पुढच्याकडे जा. शॉर्टकट किंवा अनोळखी स्क्रिप्ट दिसली तर आजारी कॉम्प्युटर सापडला. फोनवरच पेनड्राइव्ह साफ करा, फोल्डर पुन्हा बनवा आणि मगच पुढच्या कॉम्प्युटरला लावा.

एका पतसंस्थेत मी तीन वेळा जाऊन आलो तरी शॉर्टकट परत येत होते. काउंटरचे चारही कॉम्प्युटर स्वच्छ होते. चौथ्या खेपेला मी विचारलं, "अजून एखादा आहे का?" तर आतल्या खोलीत, कपाटाआड, विंडोज ७ चा एक कॉम्प्युटर निघाला. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टचं टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचं डोंगल (ते सॉफ्टवेअर चालायला यूएसबीत लावावी लागणारी किल्ली) त्याच्यावर होतं, म्हणून तो ठेवलेला. नोटिसा आणि वार्षिक अहवाल त्याच्यावर टाइप व्हायचे आणि पेनड्राइव्हने बाहेर यायचे. विंडोज ७ ची सुरक्षा-अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाली. विंडोज १० चीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, हेही यानिमित्ताने लक्षात घ्या. तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर मोजून घेतो, बंद पडल्यासारखे वाटणारेसुद्धा. साहेबांचा लॅपटॉप या मोजणीतून हमखास सुटतो.

कॉम्प्युटर साफ करताना

एक गोष्ट पक्की धरा: सगळे आजारी कॉम्प्युटर आणि सगळे पेनड्राइव्ह एकाच दिवशी साफ झाले पाहिजेत. आज एक, परवा दुसरा असं केलं तर मधल्या दिवसांत ते एकमेकांना पुन्हा बाधित करतात. मी सुटीचा दिवस घेतो. आदल्या दिवशी सगळ्यांचे पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, बॅकअपची हार्डडिस्क, झाडून सगळं एका ट्रेमध्ये जमा करायला सांगतो. ड्रॉवरमध्ये विसरलेला एखादा पेनड्राइव्ह आठवड्याभराने सगळ्या मेहनतीवर पाणी पाडतो.

आधी विंडोज डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, अपडेट करून घ्या आणि मग नेटची वायर काढा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. 'डिटेल्स'च्या पानावर डब्ल्यूस्क्रिप्ट चालू दिसतंय का बघा. पहिल्या पानावर त्याचंच नाव 'मायक्रोसॉफ्ट विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट' असं येतं. हा प्रोग्राम स्वतः विंडोजचाच आहे, वाईट असते ती त्याच्याकडून चालवून घेतलेली स्क्रिप्ट. म्हणून डब्ल्यूस्क्रिप्ट डिलीट करू नका. 'डिटेल्स'मधल्या रकान्यांच्या मथळ्यावर राइट क्लिक करा, 'सिलेक्ट कॉलम्स'मधून 'कमांड लाइन' चालू करा, म्हणजे तो नेमकी कुठली फाइल चालवतोय तिचा पूर्ण पत्ता दिसेल. तो कागदावर उतरवून घ्या. मग 'एंड टास्क' करा, त्या पत्त्यावर जाऊन फाइल काढून टाका, आणि टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप'मध्ये तिचं नाव असेल तर ते बंद करा. ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्येही एकदा नजर टाका. काही जाती तिथे दर थोड्या वेळाने उठायची नोंद करून ठेवतात.

हाताने केलेलं हे काम अर्धंच समजा. यानंतर विंडोज सिक्युरिटीमध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मधल्या 'स्कॅन ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' निवडा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आत स्कॅन होतं, त्यामुळे व्हायरसला लपायला वाव मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. उघड्या फायली आधी सेव्ह करा.

तिथेच 'एक्सक्लूजन्स'ची यादी न चुकता बघा. ही यादी म्हणजे 'इथे तपासू नको' असं डिफेंडरला दिलेलं फर्मान. मला एकदा तिथे अख्खा सी ड्राइव्ह सापडला. कुणीतरी क्रॅक सॉफ्टवेअर टाकताना 'आधी अँटिव्हायरस बंद करा' या सूचनेप्रमाणे ते केलं होतं आणि नंतर तसंच राहिलं. डिफेंडर चालू दिसत होता, हिरवी खूण होती, आणि तो काहीच तपासत नव्हता. ऑफिसात क्रॅक सॉफ्टवेअर नको, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो, आणि परवान्याचे पैसे वाचवण्यासाठी ग्राहकांचा डेटा पणाला लावणं मला मुळीच पटत नाही. मुदत संपलेला दुसरा अँटिव्हायरस असेल तर तो काढून टाका, विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आपोआप त्याची जागा घेतो. 'शॉर्टकट व्हायरस रिमूव्हर' नावाचं कुठूनही डाउनलोड केलेलं काही मात्र चालवू नका. मोफत साधन हवं असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ ला सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राची आहेत. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने तयार केलेलं 'यूएसबी प्रतिरोध' त्यांपैकीच.

आता फोल्डर परत आणूया

कॉम्प्युटर स्वच्छ झाल्यावरच पेनड्राइव्ह लावा. पेनड्राइव्हच्या चिन्हावर राइट क्लिक करून डिफेंडरचं स्कॅन करा. मग स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. फोनवर मी जसं सांगतो तसंच इथे लिहितो. पेनड्राइव्हला ई हे अक्षर मिळालं असेल तर इंग्रजी ई, लगेच कोलन, एन्टर. खिडकीत ई आलेला दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका, ही आज्ञा सी ड्राइव्हवर द्यायची नाही. आता इंग्रजीत ए, टी, टी, आर, आय, बी. स्पेस. वजा एच. स्पेस. वजा एस. स्पेस. वजा आर. स्पेस. स्लॅश एस. स्पेस. स्लॅश डी. स्पेस. स्टार डॉट स्टार. एन्टर. वजाचं चिन्ह आणि पुढचं अक्षर यांच्यात जागा सोडायची नाही. स्लॅश म्हणजे प्रश्नचिन्हाच्या कळीवरचा.

एच म्हणजे 'हिडन' आणि एस म्हणजे 'सिस्टीम', या दोन्ही खुणा एकदम काढाव्या लागतात. नुसतं वजा एच दिलं तर 'नॉट रिसेटिंग सिस्टीम फाइल' असं उत्तर येतं आणि फोल्डर जागचा हलत नाही. पुष्कळ जण इथेच अडकतात. 'सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' नावाचा फोल्डर दिसला किंवा त्याच्याबद्दल 'अ‍ॅक्सेस डिनाइड' आलं तर घाबरू नका, तो विंडोजचा स्वतःचा असतो. काही जाती तुमचं सगळं सामान एका बिननावाच्या फोल्डरमध्ये कोंबतात. आज्ञेनंतर असा कोऱ्या नावाचा फोल्डर दिसला तर त्यातून सगळं बाहेर काढून घ्या.

खरे फोल्डर दिसू लागले की ते कॉम्प्युटरवर कॉपी करा, दोन-चार फायली उघडून पाहा, आणि आता, या क्षणी, पेनड्राइव्ह खुशाल फॉरमॅट करा.

यानंतरचं एक काम सगळे विसरतात. आजारी कॉम्प्युटरवरून ज्या ज्या ठिकाणी लॉगिन केलं होतं तिथले पासवर्ड स्वच्छ कॉम्प्युटरवरून बदला: ईमेल, नेट बँकिंग, जीएसटी, आयकर. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड गेले असंच धरून चाला. डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं दिसणारं) दिवसभर कॉम्प्युटरला खोचून ठेवायची सवय पुष्कळ ऑफिसात आहे, पिनही शेजारी चिकटवलेला असतो. बाहेरच्या माणसाच्या हाती कॉम्प्युटर गेला तर ती सही तुमच्या नावाने होते. सही झाली की टोकन काढून कपाटात ठेवा. खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

परत येऊ नये म्हणून

वाड्याला देवडी असायची. आलेला माणूस आधी तिथे थांबायचा. ऑफिसात एक कॉम्प्युटर तसा ठेवा, त्यावर टॅली नाही, बँकिंग नाही, ऑफिसच्या नेटवर्कचे शेअर फोल्डर नाहीत. बाहेरून आलेला प्रत्येक पेनड्राइव्ह आधी तिथे लागणार आणि तपासला जाणार, मग तो अध्यक्षांचा असो की ऑडिटरचा. हा नियम वरच्या माणसाने स्वतः पाळला तरच टिकतो, हे मी दोन-तीन ठिकाणी पाहिलंय. कपाटाआडच्या विंडोज ७ साठी आम्ही वेगळा मार्ग काढला. त्याचे यूएसबी फक्त डोंगलपुरते ठेवले आणि टाइप केलेलं त्याच खोलीतल्या प्रिंटरवर छापून बाहेर येतं.

विंडोज ११ ची २४एच२ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मधून 'व्हीबीस्क्रिप्ट' (अशा बऱ्याच स्क्रिप्ट ज्या भाषेत लिहिलेल्या असतात ती) काढून टाकता येतं. मायक्रोसॉफ्टच ते टप्प्याटप्प्याने बंद करत आहे. त्यावर चालणाऱ्या जुन्या जाती मग आपोआप निकामी होतात, सगळ्या मात्र नाही. तुमच्या एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरला ते लागत असेल, तर ज्याने ते बसवून दिलं त्याला आधी विचारा.

टॅलीच्या बॅकअपचा पेनड्राइव्ह वेगळा ठेवा, त्यावर लाल टेप लावा आणि तो बॅकअपपुरताच लावून लगेच काढा. त्याच पेनड्राइव्हमध्ये प्रिंटच्या फायली टाकून झेरॉक्सच्या दुकानात पाठवणं ही मी पाहिलेली सगळ्यात महागडी सवय आहे. दुकानात पाठवायचा पेनड्राइव्ह दुसरा असावा, त्यात त्या दिवसाची पीडीएफ तेवढी असावी, आणि परत आल्यावर तो देवडीतूनच आत यावा. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवणं सोपं वाटतं, पण मग सभासदांचे आधार आणि पॅन दुकानाच्या कॉम्प्युटरवर 'डाउनलोड्स'मध्ये पडून राहतात. पाठवावंच लागलं तर समोर उभं राहून डिलीट करून घ्या, आणि पहिले आठ आकडे झाकलेलं आधार चालत असेल तिथे तेच द्या.

आमच्या गावातल्या झेरॉक्सवाल्याला सगळे नावं ठेवायचे. पण त्याच्या कॉम्प्युटरला दिवसभर गावाचे पेनड्राइव्ह लागतात, तो आजारी पडणारच. मी एका रात्री दुकान बंद झाल्यावर त्याचा कॉम्प्युटर साफ करून दिला, ओटीजीवर पेनड्राइव्ह कसा बघायचा ते दाखवलं, आणि पैसे घेतले नाहीत, कारण तिथून येणारे निम्मे फोन मलाच येत होते. आता तो दर शनिवारी शटर ओढण्याआधी ऑफलाइन स्कॅन लावतो, आणि कुणाच्या पेनड्राइव्हमध्ये शॉर्टकट दिसले की प्रिंट काढण्याआधी त्यालाच सांगतो, "भाऊ, तुमच्या ऑफिसातला कुठलातरी कॉम्प्युटर तपासून घ्या."